भाज्यांचा झटपट पास्ता: तळाशी पाणी, वर कोरडा. नेमकं काय चुकतं?

पळीपातेलं:

दोघांसाठी, अर्ध्या तासाच्या आत होणारा, क्रीम न घालता केलेला भाज्यांचा पास्ता हवा आहे. इटलीत घरोघरी करतात तसा साधा, आणि दमून आल्यावर खाऊन बरं वाटेल असा.

सध्याची पद्धत: पेने (नळीच्या आकाराचा पास्ता) पाकिटावरच्या वेळेइतके उकळायचे (पाण्यात थोडं तेल घालून), चाळणीत ओतून गार पाण्याखाली धरायचे. तोवर कढईत ऑलिव्ह तेल तापवून बारीक चिरलेला लसूण, मग झुकिनी, ढोबळी मिरची, ब्रोकोली, मश्रूम, टोमॅटो सगळं एकदम. मीठ. भाज्या शिजल्या की पास्ता आणि पाकिटातलं किसलेलं चीज.

होतं असं:
१. ताटलीच्या तळाशी पाणी साचतं, पास्ता मात्र कोरडा आणि अळणी लागतो.
२. ब्रोकोली कचकच लागते तेव्हा झुकिनीचा लगदा झालेला असतो.
३. चीज सॉसमध्ये मिसळत नाही, गोळा होऊन झाऱ्याला चिकटतं.

पास्त्याचं पाणी राखून ठेवा असं सगळे सांगतात. पण किती, कधी घालायचं आणि त्याने नक्की काय होतं? आणि कुठल्या भाज्या एकत्र चालतात?

मंदआच:

पाण्याचा हिशोब उलटा झालाय. जे ठेवायचं ते सिंकमध्ये जातंय आणि जे आटवायचं ते ताटलीत येतंय.

पास्ता उकळताना त्याच्या पृष्ठभागावरचा स्टार्च पाण्यात उतरतो, म्हणून ते गढूळ होतं. हे गढूळ पाणी आणि तेल मोठ्या आचेवर एकत्र जोरात हलवलं की तेलाचे बारीक थेंब स्टार्चमध्ये अडकून राहतात आणि दुधाळ, दाटसर सॉस तयार होतो. तो पास्त्याला चिकटून राहतो. भाजीला सुटलेल्या पाण्यात हा गुण जवळजवळ नसतो. तेल वर, पाणी खाली, आणि मध्ये कोरडा पास्ता.

म्हणून पास्ता गार पाण्याखाली धरणं आधी बंद करा. पृष्ठभागावरचा स्टार्चच धुतला जातो, मग सॉस धरायचा कशाने? पाण्यातलं तेलही नको. ते शिजताना वरच तरंगत राहतं आणि चाळणीत ओतताना पास्त्यावर पातळ थर देऊन बसतं. पास्ता एकमेकांना चिकटू नये यासाठी टाकल्यावरची पहिली दोन मिनिटं ढवळणं पुरतं, कारण चिकटायचा धोका तेव्हाच सगळ्यात जास्त असतो.

पाच भाज्यांचा मोह सोडून एकच भाजी घ्या. इटलीतले रोजचे भाज्यांचे पास्ते बहुतेक असेच असतात, एक भाजी आणि तिला शोभेल असं एखादं चीज. ब्रोकोलीने सुरुवात करा, सगळ्यात कमी त्रास देते.

दोघांसाठी: आखूड पास्ता १८० ग्रॅम (छोट्या कानासारखे ओरेक्किएत्ते मिळाले तर उत्तम, नाहीतर पिळाचे फुसिल्ली), ब्रोकोली देठांसकट ३५० ग्रॅम, ऑलिव्ह तेल ४ मोठे चमचे, लसणाच्या ३ पाकळ्या, अर्धा छोटा चमचा कुटलेली लाल मिरची, पेकोरीनो रोमानो (मेंढीच्या दुधाचं खारट, कडक चीज) ४० ग्रॅम अगदी बारीक किसून. मासे खात असाल तर तेलातल्या अँचोवीच्या (छोटे खारवलेले मासे) २ फोडी.

पातेल्यात २ लिटर पाणी उकळायला ठेवा. उकळी फुटली की १६ ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे साधारण पावणेतीन सपाट छोटे चमचे. ब्रोकोलीचे तुरे सुटे करा. देठ फेकू नका, जाड साल सोलून एक सेंटिमीटरचे तुकडे करा. देठ आधी टाका, दोन मिनिटांनी तुरे, आणि आणखी ६ मिनिटं उकळू द्या. इथे कुरकुरीत भाजी नको आहे. झाऱ्याने दाबली तर दबली पाहिजे.

तोवर रुंद पॅनमध्ये ३ चमचे तेल गार असतानाच लसणाचे काप घाला आणि मंद आच लावा. तापलेल्या तेलात बारीक चिरलेला लसूण अर्ध्या मिनिटात करपतो, आणि करपलेल्या लसणाचा कडवटपणा पुढे कशानेही झाकला जात नाही. काप फिकट सोनेरी झाले की अँचोवी (दाबली की विरघळते), मग मिरची, आणि लगेच ब्रोकोलीच्या पातेल्यातलं थोडं पाणी, म्हणजे लसणाचं शिजणं थांबतं.

ब्रोकोली झाऱ्याने काढून पॅनमध्ये घाला. पातेल्यातलं पाणी ओतू नका, त्याच पाण्यात पास्ता टाका. पॅनमधली साधारण अर्धी ब्रोकोली पळीच्या पाठीने ठेचा. ही ठेचलेली अर्धी म्हणजे तुमचा सॉस, उरलेली अर्धी म्हणजे भाजी.

पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता झाऱ्यानेच पॅनमध्ये घ्या, सोबत मोठी पळीभर (सुमारे १५० मिली) पाणी. मोठी आच, दोन मिनिटं सतत हलवत राहायचं. पॅन तिरका केल्यावर सॉस सावकाश ओघळायला हवा. तो थोडा जास्त ओला वाटतो तेव्हाच आच बंद करा, ताटलीत जाईपर्यंत पास्ता आणखी पितो. अर्धा मिनिट थांबून चीज आणि उरलेला चमचाभर तेल घालून पुन्हा हलवा. इटालियनमध्ये या शेवटच्या घोटण्याला मान्तेकातुरा म्हणतात. ही पायरी गाळली तर बाकी सगळं नीट करूनही पास्ता कोरडाच लागेल.

दक्षिण इटलीतल्या पुल्या प्रांतात हाच प्रकार चीमे दी रापा या कडसर पालेभाजीचा करतात. तिथे भाजी आणि ओरेक्किएत्ते एकाच पाण्यात शिजतात. चीजऐवजी बऱ्याचदा ऑलिव्ह तेलात खमंग परतलेला पावाचा चुरा वरून घालतात. ब्रोकोलीवरही तो फार छान लागतो: ३० ग्रॅम शिळ्या पावाचा चुरा, एक चमचा तेल, मध्यम आचेवर ३–४ मिनिटं. मात्र वाढताना घाला, आधी घातला तर मऊ पडतो.

अर्धाचमचा:

वरच्या कृतीत मिठाचं प्रमाण मुद्दाम कमी धरलंय, ते वाढवू नका. इटलीतला सर्वसाधारण नियम १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ असा आहे. पण तेच पाणी पॅनमध्ये आटवायचं असेल, वर पेकोरीनो आणि अँचोवी असतील, तर लिटरला ७–८ ग्रॅमच ठीक. पाणी आटतं, मीठ तिथेच राहतं. भाजीत वेगळं मीठ शेवटी चाखून मगच.

चीजबद्दल. चीज फार तापलं की त्यातली प्रथिनं आक्रसून एकमेकांना धरतात आणि स्निग्धांश बाहेर ढकलतात. झाऱ्याला चिकटतो तो हाच गोळा. साधारण ६५ अंश सेल्सियसच्या पुढे हा धोका वाढत जातो, आणि उकळत्या सॉसमध्ये तर हमखास. स्टार्च प्रथिनांच्या मध्ये येऊन त्यांना एकत्र येऊ देत नाही. त्यामुळे दोन अटी: आच बंद हवी आणि स्टार्चचं पाणी हवं. दोन्ही सांभाळूनही गुठळ्या होत असतील तर चीज वाटीत घेऊन २–३ चमचे कोमट पास्त्याच्या पाण्यात कालवा, सरसरीत झालं की मग पॅनमध्ये. थेट उकळतं पाणी ओतलंत तर गोळा वाटीतच होईल.

पाकिटातलं किसलेलं चीज हे अर्धं दुखणं आहे. दाणे मोकळे राहावेत म्हणून त्यात बऱ्याचदा सेल्युलोज किंवा स्टार्चची पूड घातलेली असते, ते वाळलेलंही असतं, आणि मग एकजीव होत नाही. तुकडा आणा आणि ऐन वेळी किसणीच्या सगळ्यात बारीक बाजूने किसा. ब्रोकोलीसारख्या उग्र भाजीला पेकोरीनो, झुकिनी-मटारसारख्या गोडसर भाजीला पार्मिजानो (गाईच्या दुधाचं मुरवलेलं कडक चीज).

झुकिनीचं म्हणाल तर दक्षिण इटलीत सोरेंतोच्या द्वीपकल्पावरच्या नेरानो गावची पद्धत बघा. भाज्यांच्या पास्त्यात मला तिच्या तोडीचं काही वाटत नाही. स्पॅगेटी १८० ग्रॅम, झुकिनी ४०० ग्रॅम, लांबट आणि बारीक, कारण जाडीच्या पोटात बिया आणि पाणीच जास्त. २–३ मिलिमीटरच्या चकत्या करून कागदावर पसरून कोरड्या करा आणि भरपूर तेलात थोड्या थोड्या तळा. कडा तांबूस व्हायला हव्यात, पांढरट चकती चव देत नाही. तळून झाल्या की तुळशीच्या कुळातलीच बेसिलची १०–१२ पानं हाताने तोडून त्यांवर टाका आणि किमान दहा मिनिटं तशाच ठेवा. मूळ पद्धतीत कित्येक तास ठेवतात, त्यात त्या मऊ पडतात आणि वास मुरतो. घाईत दहा मिनिटंही चालतात.

मग एक तृतीयांश चकत्या पळीभर पास्त्याच्या पाण्यात ठेचायच्या, त्यात स्पॅगेटी, मोठी आच, आच बंद, चीज ६० ग्रॅम, शेवटी उरलेल्या चकत्या. तिथे प्रोवोलोने देल मोनाको हे चीज वापरतात. ते नसेल तर काचोकावालो किंवा सौम्य प्रोवोलोने अर्धं आणि पार्मिजानो अर्धं. मोझरेला नको, त्याच्या ताराच होणार.

पळीपातेलं:

पाण्याचं गणित कळलं. आता दोन अडचणी. फ्रिजमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक भाजी थोडी थोडीच असते: अर्धी ढोबळी मिरची, मूठभर मश्रूम, थोडा पालक, चार टोमॅटो. एकच भाजी हा नियम तिथे कसा पाळायचा? आणि दुसरं, दोन मिनिटं आधी काढलेला पास्ता नक्की किती कच्चा असावा हे ओळखायचं कसं?

निथळणी:

दुसऱ्याचं आधी. एक तुकडा दाताने तोडून आत बघा. मध्यभागी पांढरा कोरडा ठिपका स्पष्ट दिसत असेल तर पॅनमध्ये घ्यायची वेळ झाली. पॅनमध्ये तो ठिपका पुसट होऊन जेमतेम दिसेनासा होतो तेव्हा पास्ता अल् देन्ते, म्हणजे शिजलेला पण दाताला किंचित घट्ट लागणारा. ठिपका आधीच गेला असेल तर पॅनमधली दोन मिनिटं त्याला लगदा करून सोडतील. पाकिटावरच्या वेळेवर डोळे झाकून विश्वास नको, तीच वेळ लिहिलेल्या दोन पाकिटांत मिनिटभराचा फरक सहज पडतो.

आता मिश्र भाज्या. एकच भाजी हा नियम चांगला आहे पण धर्म नाही. अट एवढीच की भाज्या एकत्र शिजवायच्या नाहीत, एकत्र आणायच्या. एकदम टाकल्या की सगळ्यात जास्त पाणी सोडणारी भाजी बाकीच्यांनाही उकडून काढते. झुकिनी आणि मश्रूम दोन्हींत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, आणि वर सुरुवातीलाच मीठ पडलं की ते भराभर बाहेर येतं. पॅन भरलेला असेल तर वाफ निघायला जागाच नाही. मग परतणं होतच नाही.

दोघांच्या प्रमाणाला २८ सेंटिमीटरचा पॅन घ्या आणि या क्रमाने जा:

ढोबळी मिरची सगळ्यात आधी, सेंटिमीटरभर रुंद पट्ट्या, २ चमचे तेल, मध्यम-मंद आच, १२ मिनिटं. मिरचीला घाई चालत नाही. मोठ्या आचेवर साल करपते आणि आतून कच्ची राहते. मऊ, चकचकीत झाली की ताटलीत काढा. हिरवीपेक्षा लाल किंवा पिवळी घ्या, हिरवी पास्त्यात कडवट लागते.

मश्रूम त्याच पॅनमध्ये, आता आच मोठी. आधी मीठ नाही. एकच थर पसरेल एवढेच टाका आणि पहिली दोन मिनिटं हलवू नका. पाणी सुटेल, आटेल, मग तपकिरी रंग यायला लागेल. मीठ तेव्हा. काढून ठेवा.

मग आच मंद, ताजं तेल, लसूण, आणि अर्धे केलेले छोटे टोमॅटो चिमूटभर मिठासकट. इथे मीठ आधीच हवं, कारण रस सुटायलाच हवाय. ५–६ मिनिटांत ते फुटून जाडसर रस होतो. त्यात मिरची आणि मश्रूम परत, मग पास्ता आणि पाणी. टोमॅटोचा रस असल्याने पास्त्याचं पाणी १५० ऐवजी ८०–१०० मिली पुरतं.

पालक आच बंद करताना, कच्चाच, हाताने तोडून. पास्त्याच्या गरमीने अर्ध्या मिनिटात बसतो. पॅनमध्ये आधी परतलात तर पुन्हा तळाशी पाणी. मटार असतील तर पास्ता काढायच्या दोन मिनिटं आधी त्याच्याच पातेल्यात टाका.

लिंबू पिळायचं असेल तर ताटलीत. हिरव्या भाजीवर आंबट पडून वर उष्णता लागली की तिचा हिरवा रंग मळकट होतो.

वांगं या झटपट यादीत धरू नका. सिसिलीतल्या कातानियाचा पास्ता आल्ला नॉर्मा वांगं, टोमॅटो, बेसिल आणि खारवलेलं रिकोत्ता चीज यांचा, फारच देखणा प्रकार, पण त्यातलं वांगं नीट तळायलाच वेळ जातो. अर्धवट तळलेलं वांगं स्पंजसारखं तेल पिऊन बसतं.

आणि रंगीबेरंगी भाज्या, क्रीम घालून ज्याला प्रिमावेरा म्हणतात तो इटलीतला जुना घरगुती प्रकार नाही. तो १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लोकप्रिय झाला. वाईट आहे असं नाही, पण क्रीममुळे पाण्याचं गणित चुकलं तरी झाकलं जातं, आणि इथे ते झाकायचं नाहीये.

मंदआच:

मिरचीच्या १२ मिनिटांमुळे ही कृती अर्ध्या तासाला टेकते, बाकी सहमत. घाई असेल तर मिरची वगळा, मश्रूम-टोमॅटो-पालक तेवढंच घ्या. पास्त्याचं पाणी मिरची चढवतानाच ठेवा, नाहीतर भाज्या तयार आणि पाणी अजून गार अशी गत होते. पण उलटं झालेलं अधिक वाईट: पॅन पास्त्याची वाट बघू शकतो, पास्ता पॅनची नाही.

लाटणीबाई:

दमून आल्यावर खायचा असेल तर या सगळ्यात एक प्रकार राहून गेला, एकाच पातेल्यातला. नेपल्सकडे मटार आणि छोटा पास्ता एकत्र शिजवतात, पास्ता ए पिसेल्ली. चमच्याने खायचा, किंचित सरसरीत. यात पाणी ओतायचा प्रश्नच येत नाही, स्टार्च सगळा आतच राहतो.

छोटा पास्ता (दितालिनी किंवा तुबेत्ती) १५० ग्रॅम, मटार २५० ग्रॅम (गोठवलेले चालतात, विरघळवायची गरज नाही), एक लहान कांदा अगदी बारीक चिरून, तेल २ चमचे, उकळतं पाणी ६०० मिली, मीठ ४ ग्रॅम, पार्मिजानो ३० ग्रॅम.

कांदा चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर ७ मिनिटं. पारदर्शक व्हायला हवा, तांबूस नको, नाहीतर मटाराचा गोडवा दबतो. मटार घालून ३ मिनिटं, मग त्यांतले एक तृतीयांश ठेचा. उकळतं पाणी, उरलेलं मीठ आणि पार्मिजानोची कडक पाठ असेल तर ती खरवडून, धुऊन त्यात टाका. तिच्यातून सगळी चव उतरते, वाढताना काढून टाकायची. मग पास्ता. झाकण ठेवू नका आणि दर मिनिटाला तळापासून ढवळा. इथे पाणी कमी असल्याने ढवळायचा आळस केला की तळ धरतो.

गार पाणी घातलंत तर पुन्हा उकळी येईपर्यंत पास्ता कोमट पाण्यात भिजत पडतो, बाहेरून चिकट आणि आतून कच्चा. म्हणून पाणी उकळतंच. सगळं एकदम ओतण्याऐवजी १०० मिली मागे ठेवा आणि लागेल तसं घाला. पातेल्याची रुंदी, आच, पास्त्याचा आकार यांवर ते ठरतं. ९–१० मिनिटांत पास्ता होतो. आच बंद, चीज, दोन मिनिटं झाकून ठेवा, मग वाढा. झाकण काढल्यावर घट्ट वाटला तर मागे ठेवलेल्यातलं गरम पाणी दोन चमचे.

हाच ढाचा बटाट्याला लागू पडतो. ३०० ग्रॅम बटाट्याच्या सेंटिमीटरभर फोडी कांद्याबरोबर ५ मिनिटं परतून, पाणी घालून १० मिनिटं आधी शिजवायच्या, मगच पास्ता. पाणी दीडशे मिली जास्त. त्यात धुरी दिलेलं प्रोवोला चीज शेवटी तुकडे करून घालतात. इथे मात्र चीजच्या तारा हव्याच असतात.

पळीपातेलं:

मटारवाला आजच. एक शेवटचं: यातलं काही आधी करून ठेवता येतं का? आणि पास्ता विकत घेताना पाकिटावर काय बघायचं?

अर्धाचमचा:

ब्रोकोलीचा ठेचा (लसूण-तेलासकट) आणि परतलेले मश्रूम बंद डब्यात, फ्रिजमध्ये दोन दिवस. तळलेल्या झुकिनीच्या चकत्या एक दिवस, तेवढ्यात त्या उलट सुधारतात. टोमॅटोचा रसही टिकतो. उकडलेला पास्ता ठेवू नका. सॉस लावलेला उरलाच तर पॅनमध्ये ३–४ चमचे पाणी घालून मंद आचेवर हलवत गरम करा. पहिल्यासारखा होणार नाही, पण खाण्यासारखा होतो. मटारवाला उरला तर तो दगडासारखा घट्ट होतो, त्याला पाणी जास्त लागतं.

पाकिटावर घटक बघा: दुरुम गव्हाचा (कडक दाण्याचा गहू) रवा आणि पाणी, बस. इटलीत सुका पास्ता दुरुम गव्हाचाच असावा असा १९६७ सालापासून कायदा आहे. १०० ग्रॅममागे प्रथिनं १३ ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त असतील तर पॅनमधली शेवटची दोन मिनिटं पास्ता तग धरतो. ११ असतील तर लवकर मऊ पडतो, तेव्हा आणखी आधी काढा. शिवाय पृष्ठभाग बघा. पितळी-काशाच्या साच्यातून काढलेला पास्ता खडबडीत, पिठूळ, फिकट दिसतो. स्टार्च तोच जास्त सोडतो आणि सॉसही तोच धरतो. गुळगुळीत, पिवळाधमक, काचेसारखा चकचकीत असेल तर ब्रोकोलीच्या सॉसला तो नको.